हलकी पोलादी सायकल : भाग निवडावे कसे?



सायकल हे वाहन आपल्या इतक्या ओळखीचे आहे की, तिच्याविषयी रेडिओवर कुणी व्याख्यान द्यावे याचेच काहींना नवल वाटेल. पण ओळखीच्या वस्तूकडे आपण नीट पाहत नाही, असाही अनुभव आहे. आज मी बोलणार आहे ते सायकल विकत घेण्याविषयी नव्हे, सायकल जुळवण्याविषयी. एकेक भाग पारखून घ्यायचा, तो दुसऱ्या भागाशी जुळतो की नाही हे पाहायचे आणि त्यातून पोलादाचीच, पण वजनाला हलकी अशी सायकल उभी करायची. हे काम अवघड नाही. मात्र ते डोळे उघडे ठेवून करावे लागते.

याची गरज कुणाला? समजा, एक शिक्षक तालुक्याच्या गावी राहतात आणि शाळा आहे दहा-बारा किलोमीटरवर. मध्ये एक लहानशी खिंड आहे. सकाळची एस. टी. त्यांच्या वेळेला नाही. किंवा समजा, नववी-दहावीतली एक मुलगी वाडीवरून मोठ्या गावच्या हायस्कुलात जाते. अशांच्या बाबतीत सायकल ही हौस नसते. शाळेत जायचे की नाही, हा प्रश्न तिच्यावर अवलंबून असतो. बिहारमध्ये २००६ साली नववीतल्या मुलींना सायकली देण्याची योजना सुरू झाली. तिच्यानंतर माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींची संख्या लक्षणीय वाढली, असे अभ्यासकांना दिसून आले. अंतर तेच राहिले, पण पायाखालचे साधन बदलले.

आता आपली नेहमीची काळी सायकल घ्या. तिची निंदा करण्याचे कारण नाही. दुधाच्या किटल्या, धान्याची पोती, दांडीवर एक मूल आणि कॅरियरवर दुसरे, एवढे सगळे तिने पिढ्यान्‌पिढ्या वाहिले आहे. ती त्यासाठीच घडवलेली आहे. परंतु तिचे वजन असते वीस ते बावीस किलो. ज्याला फक्त स्वतःला आणि एका पिशवीला घेऊन जायचे आहे, त्याने पोती वाहण्यासाठी घडवलेले लोखंड रोज का ओढावे? पोलादाचीच सायकल मडगार्ड, कॅरियर आणि स्टँडसह तेरा किलोंत बसवता येते. म्हणजे नऊ किलोंपर्यंत वजन वाचले. नऊ लिटर पाण्याची कळशी रोज सायकलला टांगून नेणे आणि न नेणे, एवढा हा फरक आहे.

कुणी म्हणेल, "अहो, हलकी म्हणजे कच्ची! आमच्या रस्त्यावर ती टिकायची कशी?" शंका रास्त आहे. तिचे उत्तर फ्रान्समध्ये फार पूर्वी मिळालेले आहे. तिथे १९३० आणि १९४० च्या दशकांत सायकलींच्या तांत्रिक परीक्षा होत असत. सायकल जितकी हलकी तितके गुण अधिक. पण तिला डोंगरातल्या खराब रस्त्यांवरून शेकडो किलोमीटर नेत आणि वाटेत काही मोडले, ढिले झाले किंवा गळून पडले तर गुण कापत. मडगार्ड, दिवा आणि सामानाची जाळी लावलेल्या, तरीही दहा किलोंच्या आत वजन असलेल्या सायकली या परीक्षांना उतरत. त्या कारागिरांचे मर्म काय होते? सगळीकडून सरसकट वजन कापणे हे खासच नव्हे. कुठले वजन निरुपयोगी आहे आणि कुठले कामाचे, हे त्यांना ओळखता येत होते. आजच्या साऱ्या विवेचनाचे सूत्र हेच आहे. वजन कुठून काढायचे आणि कुठे राहू द्यायचे, हे ज्याला समजले त्याला सायकल जुळवता आली.

पहिला भाग अर्थातच फ्रेम. इथे पोलादाविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. साधे पोलाद असो की क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेले भारी पोलाद असो, दोन्हींची घनता जवळजवळ सारखीच असते आणि ताठरपणाही सारखाच. मग भारी पोलादाने फायदा काय? तर त्याची ताकद जास्त असते. म्हणून तेच काम पातळ नळी करू शकते. हलकेपणा धातूच्या जातीत नसून नळीच्या पातळपणात आहे आणि चांगली जात तो पातळपणा परवडू देते.

आता हे आकड्यांनी पाहू. शिक्षकांनी हे गणित वर्गात अवश्य करून घ्यावे. सीटखालची उभी नळी बाहेरून बहुधा २८.६ मिलिमीटर जाडीची असते, म्हणजे आपल्या मिस्त्रींच्या हिशेबात नऊ सूत. तिच्या पत्र्याची जाडी १.६ मिलिमीटर असेल तर एक मीटर नळीचे वजन भरते सुमारे १,०६५ ग्रॅम. पत्रा ०.९ मिलिमीटर असेल तर ६१५ ग्रॅम आणि ०.६ मिलिमीटर असेल तर ४१५ ग्रॅम. नळी तेवढीच लांब, बाहेरून तेवढीच जाड. फरक सगळा आतल्या पोकळीत.

पण नळी सगळीकडे सारखी पातळ करून चालत नाही. ताण येतो तो सांध्यापाशी आणि सांधा झाळताना उष्णताही तिथेच लागते. म्हणून दोन्ही टोकांना जाड आणि मध्ये पातळ, अशी नळी निघाली. तिला बटेड नळी म्हणतात. बाहेरून पाहिले तर काही कळत नाही. जाडी वाढते ती आतल्या बाजूने. १८९७ साली इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड रेनॉल्ड्स यांनी अशा नळीचे पेटंट घेतले. गंमत अशी की, त्यांच्या घराण्याचा मूळ धंदा खिळे करण्याचा. पुढे त्याच कंपनीने १९३५ साली मँगेनीज आणि मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाची '५३१' नावाची नळी काढली आणि ती जगभर नावाजली. आज बाजारात सहज मिळणारे चांगले पोलाद म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनमचे, दुकानदारांच्या तोंडी क्रोमोली. अशा बटेड नळ्यांची फ्रेम दोन किलोंच्या आसपास भरते आणि पोलादी चिमटा, म्हणजे फोर्क, एक किलोच्या आत.

फ्रेम जुनी घेत असाल तर दोन परीक्षा घरीच करता येतात. पहिली व्हर्निअरची. शाळेच्या प्रयोगशाळेतला व्हर्निअर कॅलिपर घ्यावा आणि सीटखालच्या नळीत जो दांडा जातो, त्या सीटपिलरचा व्यास मोजावा. बाहेरची नळी २८.६ आणि आतला दांडा २५.४ मिलिमीटर असेल, तर पत्रा दोन्ही बाजूंना १.६ मिलिमीटरच्या आसपास आहे, म्हणजे फ्रेम जड. दांडा २७.२ असेल तर पत्रा पाऊण मिलिमीटरहून पातळ आहे. म्हणजे नळी चांगल्या प्रतीची असण्याचा फार संभव आहे. फ्रेमवरच्या रंगीत पट्टीवर काय छापले आहे, यापेक्षा ही साक्ष अधिक भरवशाची. मात्र दांडा त्या फ्रेमचाच आहे आणि नीट घट्ट बसतो, याची खात्री करून घ्यावी. ढिला दांडा आवळून आवळून बसवलेला असेल तर नळीचे तोंड बिघडलेले असते.

दुसरी परीक्षा सुतळीची. मागचे चाक जिथे बसते त्या एका खाचेला सुतळी बांधावी, ती पुढे नेऊन हँडलखालच्या नळीला वळसा घालावी आणि दुसऱ्या बाजूच्या खाचेत आणून ताणून बांधावी. मग सीटखालची नळी आणि सुतळी यांतले अंतर डाव्या आणि उजव्या बाजूला मोजावे. दोन्ही सारखे असेल तर फ्रेम सरळ. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर मिस्त्रीला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नयेत. सांध्यांजवळ रंगाला बारीक चीर गेली आहे का, नळीला पोचा आहे का, हेही उजेडात पाहावे. पातळ नळीतला पोचा म्हणजे नुसता डाग नव्हे.

फ्रेमनंतर चाके. खरे म्हणजे पैसे मोजके असतील तर त्यांतला मोठा वाटा चाकांना द्यावा, असे माझे मत आहे. कारण चाकाच्या कडेचे वजन दुहेरी काम सांगते. ते पुढे न्यावे लागते आणि फिरवावेही लागते. थांबलेली सायकल वेगात आणताना रिम आणि टायर यांचा एक किलो जवळजवळ दोन किलोंइतकी ताकद खातो. सपाट रस्त्यावर एका वेगाने चालले असताना हा फरक जाणवत नाही, हेही सांगितले पाहिजे. पण आपल्या रस्त्यावर एका वेगाने चालायला मिळते कुठे? खड्डा आला, गुरे आडवी आली, गतिरोधक आला. थांबा आणि पुन्हा उचल घ्या. प्रत्येक उचलीला हलके चाक उपयोगी पडते.

रोडस्टर सायकलची पोलादी रिम सुमारे एक किलोची, तर अॅल्युमिनियमची चांगली रिम अर्ध्या किलोची असते. दोन चाकांत एक किलो वाचला. पण वजनापेक्षाही मोठा फायदा पावसाळ्यात दिसतो. मुलामा दिलेली पोलादी रिम भिजली की ब्रेकचे रबर तिच्यावर नुसते घसरते आणि सायकल थांबायला कितीतरी जास्त अंतर लागते. अॅल्युमिनियमवर रबर पावसातही बरेच धरते. कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी एवढ्या एका कारणासाठी तरी पोलादी रिम सोडावी. दुकानात रिम कशाची आहे अशी शंका आली तर खिशातले चुंबक लावून पाहावे. चिकटले तर पोलाद.

इथे एक अडचण येते. आपल्या काळ्या सायकलीला दांडीचे ब्रेक असतात आणि त्यांचे रबर रिमला आतल्या बाजूने, खालून वर दाबते. अॅल्युमिनियमच्या रिमला ब्रेक लागतो तो दोन्ही बगलांवर. म्हणजे नुसती रिम बदलता येत नाही; ब्रेक बदलावे लागतात, मुठी बदलाव्या लागतात, आणि ब्रेक बसवायला फ्रेमला जागा आहे का तेही पाहावे लागते. एका भागाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर असतो, तो असा. म्हणून खरेदीला जाण्यापूर्वी सबंध यादी कागदावर उतरवावी. आज एक भाग, उद्या दुसरा, असे घेत गेले की शेवटी न जुळणाऱ्या भागांचा ढीग घरात पडतो.

टायरचा आकडा वाचायलाही शिकले पाहिजे. '२८ इंची' या एकाच नावाखाली निरनिराळ्या मापांची चाके विकली जातात. टायरच्या बगलेवर बारीक अक्षरांत दोन आकडे असतात, उदाहरणार्थ ३२-६२२. पहिला आकडा टायरची रुंदी आणि दुसरा रिमवर टायर बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. जुन्या काळ्या सायकलीचा, म्हणजे २८ बाय दीडचा, व्यास ६३५. नव्या ७०० सी चाकाचा ६२२. नाव सारखे, पण एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. हलक्या सायकलीला ६२२ घ्यावे आणि रुंदी ३२ ते ३५ मिलिमीटर. शर्यतीचा २३ मिलिमीटरचा टायर हलका खरा, पण आपल्या खडीवर तो रिमला मार बसू देतो. रिमचे व्हॉल्व्हचे भोक साडेआठ मिलिमीटरचे निवडावे. त्यात आपला नेहमीचा सायकलचा व्हॉल्व्ह बसतो आणि मोटारसायकलच्या धर्तीचाही. मग पेट्रोल पंपावर हवा भरून घेता येते. एवढ्याशा भोकाने पुढचे किती हाल वाचतात, ते रस्त्यात अडकलेल्यालाच कळेल.

तारांच्या, म्हणजे स्पोकच्या, बाबतीत मात्र कंजुषी नको. बत्तीस तारांच्या ऐवजी छत्तीस घेतल्या तर दोन्ही चाकांत मिळून वाढतात आठ तारा. त्यांचे वजन साठ ग्रॅमही भरत नाही. पण मागच्या चाकावर माणसाचा निम्म्याहून अधिक भार असतो. तेव्हा छत्तीस तारा, त्याही न गंजणाऱ्या, आणि आउट काढण्यात ज्याचा हात बसला आहे अशा मिस्त्रीकडून बसवून घेतलेल्या. महागडी रिम आणि अर्धवट आवळलेल्या तारा, यापेक्षा साधी रिम आणि सारख्या ताणाच्या तारा केव्हाही बऱ्या.

आता पायाकडे वळू. घाटात माणूस दमतो तो नुसत्या वजनाने, की दातांच्या प्रमाणाने? हिशेब करून पाहू. काळ्या सायकलीला पुढे ४४ दाते आणि मागे १८. पायडलचा एक फेरा झाला की सायकल साडेपाच मीटर पुढे जाते. स्वार साठ किलोचा, पिशवी तीन किलोंची आणि सायकल बावीस किलोंची धरा. शंभर मीटरला पाच मीटर चढणारा रस्ता असेल तर पायडलवर सरासरी पंचवीस किलोंचा जोर सतत लावावा लागतो. म्हणूनच आपण उतरतो आणि ढकलतो. आता दाते तेच ठेवून सायकल फक्त तेरा किलोंची केली आणि टायर चांगले घातले, तर जोर होतो बावीस किलो. तीन किलो वाचले. आणि त्याच सायकलीला पुढे ३८ दाते आणि मागे सर्वांत मोठे चक्र ३४ दात्यांचे बसवले, तर जोर उतरतो दहा किलोंवर!

याचा अर्थ काम फुकट झाले असा नाही. पाय सव्वादोन पट जास्त फिरवावे लागतात. निसर्ग उधारी ठेवत नाही. पण पंचवीस किलोंचे एक ओझे जिन्यावरून नेणे आणि दहा-दहा किलोंची ओझी दोन-तीन खेपांत नेणे, यात गुडघ्याच्या दृष्टीने फार अंतर आहे. तेव्हा हलक्या सायकलीची निवड करताना फ्रीव्हीलला विसरू नये. पुढे एकच ३८ दात्यांचे चक्र आणि मागे १४ पासून ३४ पर्यंतचे सात चक्रांचे फ्रीव्हील, एवढे आपल्या बहुतेक रस्त्यांना पुरते. पुढे दोन-तीन चक्रे लावली की वजन वाढते, गियर बदलण्याचे आणखी एक यंत्र येते आणि बिघडण्याची एक जागाही.

मात्र इथेही जुळणी पाहावी लागते. साध्या सायकलीची चेन आतून एक अष्टमांश इंच रुंद असते. गियरच्या सायकलीची त्याहून अरुंद, तीन बत्तीसांश इंच. दाते त्याच मापाचे पाहिजेत. मागच्या हबची रुंदी फ्रेमच्या दोन खाचांमधल्या अंतराएवढी हवी. ती १२६, १३० किंवा १३५ मिलिमीटर अशी निरनिराळी असते. पोलादी फ्रेमचे एक वैशिष्ट्य असे की, १२६ ची फ्रेम जाणता मिस्त्री हलक्या हाताने वाकवून १३० ची करू शकतो. अॅल्युमिनियमच्या किंवा कार्बनच्या फ्रेमला हे चालत नाही, ती तडकते. पोलाद वाकते, पण सांगून वाकते. खेड्यात वापरायच्या सायकलीला पोलाद का, याचे एक मोठे कारण हे आहे.

मधल्या अॅक्सलच्या कपांना आटे असतात. इंग्लिश धर्तीच्या फ्रेमला उजव्या बाजूचे आटे उलटे असतात, डावीकडचे सरळ. पायडलचे याच्या उलट : डाव्या पायडलचे आटे उलटे, उजव्याचे सरळ. इटालियन धर्तीच्या फ्रेमला कपांचे माप वेगळे आणि दोन्हीकडचे आटे सरळ. हे ठाऊक नसताना पाना लावला आणि जोर केला, की आटे गेले. आणि फ्रेमचे आटे गेले म्हणजे चांगली नळी असूनही फ्रेम बाद होण्याची वेळ येते. क्रँक अॅल्युमिनियमचे, चौकोनी अॅक्सलवर बसणारे घ्यावेत. कॉटरच्या क्रँकपेक्षा ते हलके आणि कॉटर ठोकण्याचा त्रास नाही.

हँडल, त्याचा दांडा आणि सीटपिलर अॅल्युमिनियमचे घेतले तर वजन बरेच कमी होते. पण हे भाग फार पातळ, शर्यतीच्या प्रतीचे घेऊ नयेत. पोलाद आधी वाकून इशारा देते. अॅल्युमिनियम पुष्कळदा इशारा न देता मोडते आणि हँडल मोडले तर माणूस तोंडावर पडतो. चार-पाच वर्षे रोज वापरलेले किंवा जोरात आपटलेले हँडल बदलून टाकावे. पोलादाच्या नळीत अॅल्युमिनियमचा दांडा घालताना ग्रीस लावायला विसरू नये. दोन धातू आणि ओलावा एकत्र आले की दांडा आत असा धरतो की, पुढे निघता निघत नाही. खाऱ्या हवेच्या गावी तर हे हमखास होते.

ब्रेक घेताना एक माप काढावे : फ्रेमवर ब्रेकचा बोल्ट बसतो तिथपासून रिमच्या बगलेच्या मध्यापर्यंतचे अंतर. ब्रेकचे हात तेवढे पोचले पाहिजेत आणि रबर टायरला न घासता रिमवर बसले पाहिजे. खालून मडगार्ड जायलाही जागा हवी. ब्रेकच्या तारा आणि रबरे यांत पैसे वाचवू नयेत. चढावर आपल्याला हलकेपणा तारतो. उतारावर तारतात ते ब्रेक.

काहीजण मडगार्ड, कॅरियर आणि स्टँड काढून टाकतात आणि सायकल दीड-दोन किलोंनी हलकी केली म्हणून खूश होतात. उन्हाळ्यात ठीक आहे. पण जूनमध्ये चिखलाने माखलेल्या कपड्यांनी शिक्षकाने वर्गात कसे जावे? पाठीवरची पिशवी घामाने भिजते, तीच कॅरियरवर ठेवली तर भिजत नाही. ही वजने कामाची आहेत, ती राहू द्यावीत. फक्त 'नाकापेक्षा मोती जड' होऊ नये. अर्ध्या किलोचे मडगार्ड आणि तेवढेच कॅरियर पुरे. सीटच्या बाबतीतही तेच. शंभर ग्रॅम वाचवणारी टणक सीट रोजच्या वीस-पंचवीस किलोमीटरला सोसत नाही.

आता सगळी बेरीज मांडू. फ्रेम आणि चिमटा तीन किलो. टायर-ट्यूबसह दोन्ही चाके तीन किलो चारशे ग्रॅमच्या आसपास. क्रँक, अॅक्सल आणि पायडल दीड किलो. चेन, फ्रीव्हील आणि गियर सव्वा किलोच्या आत. ब्रेक, हँडल, सीट आणि सीटपिलर मिळून सव्वादोन किलो. झाले सव्वाअकरा किलो. मडगार्ड, कॅरियर, स्टँड, घंटी आणि दिवा यांना पावणेदोन किलो द्या. तेरा किलोंत सायकल तयार.

एवढा खर्च एकदम करणे सर्वांना जमेल असे नाही. त्यांनी क्रम ठरवावा. आधी सरळ, मापाची आणि पातळ नळ्यांची जुनी फ्रेम शोधावी. मग चाके. मग ब्रेक. फ्रीव्हील आणि गियर नंतर जोडले तरी चालतात. फक्त मागचा हब सुरुवातीलाच त्याच्या मापाचा घ्यावा. हँडल आणि सीटपिलर शेवटी. आणि फ्रेमचे माप सर्वांत आधी. दांडीवर पाय टाकून उभे राहिल्यावर दोन-तीन बोटे अंतर राहिले पाहिजे. उंच फ्रेम कितीही हलकी असली तरी ती त्या माणसाची नव्हे. मुलींसाठी दांडी उतरती असलेली फ्रेम घ्यावी, पण नळीची परीक्षा तीच.

राहता राहिली निगा. पातळ नळीला गंज परवडत नाही. जाड नळी दहा वर्षे गंज खाऊन उभी राहील; पातळ नळीला आतून भोक पडेल. म्हणून जुळणी करण्यापूर्वी फ्रेमच्या आत जवसाचे तेल ओतून फिरवावे, जास्तीचे निथळू द्यावे आणि दोन दिवस वाळवावे. मधल्या अॅक्सलच्या खोक्याला खालून बारीक भोक असेल तर ते बुजवू नये. पावसाचे पाणी तिथूनच निघून जाते. आणि नळीला कधी चीर गेलीच, तर नांगर-पाभरीच्या वेल्डिंगच्या दुकानात ती टाकू नये. जाड पत्र्याला चालणारी विजेची ठिणगी पातळ नळीला भोक पाडते. पितळेने झाळणारा कारागीर शोधावा.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती करून मी पुरे करतो. शाळेत एखाद्या शनिवारी मुलांच्या सायकली पटांगणात आणवा. एक तराजू, एक व्हर्निअर, एक चुंबक आणि एक सुतळी एवढी सामग्री पुरे. प्रत्येक सायकलीचे वजन करा, दाते मोजा, एका फेऱ्यात ती किती पुढे जाते ते जमिनीवर रेघा मारून पाहा आणि सुतळीने फ्रेम तपासा. एखाद्या मुलाची फ्रेम वाकडी निघेल, एखादीचा ब्रेक रिमला टेकत नाही असे दिसेल. ती दुरुस्ती त्याच दिवशी करून घ्या. सोमवारी ती मुले त्याच सायकलींवरून खिंड चढून शाळेला येणार आहेत.